वायरीवरच्या गाठी

माझी नोकरी जनावरांच्या दवाखान्यातली. कागदोपत्री मी पशुधन पर्यवेक्षक. वालूर आणि भोवतालच्या खेड्यांत मात्र सगळे डॉक्टरच म्हणतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी लोकांना दुरुस्त करायचो, पुढं ते सोडून दिलं. राहायला सेलूला, कारण बायको तिथं शाळेत शिकवते. रोज सकाळी मोटारसायकलवर वालूरला जायचं, दवाखाना उघडायचा आणि फोन येतील तसं गोठ्यागोठ्यानं फिरायचं, असा माझा दिवस. गाडी जुनीच घेतलेली, एका निवृत्त ग्रामसेवकांकडून. इंजिनानं कधी दगा दिला नाही. उजेडाच्या बाबतीत मात्र ती पहिल्यापासून गरीब. पुढचा दिवा समईपेक्षा थोडा बरा, एवढंच.

जानेवारीत एका सकाळी धुकं उतरलं. आमच्याकडं धुकं काही रोजचं नसतं. पण हरभरा फुलात असताना कधीकधी चार-दोन दिवस असं पडतं की रस्त्याकडेची बाभळसुद्धा दिसत नाही. एक गाय अडली होती म्हणून मी घाईत निघालो होतो. वालूरच्या अलीकडं अचानक समोर काहीतरी काळं मोठं होत आलं. ब्रेक दाबला, गाडी तिरपी झाली आणि थांबली. थांबली तेव्हा उसाचं एक टिपरं माझ्या हेल्मेटच्या काचेला टेकलेलं होतं. उसाची ट्रॉली, चाक पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. मागं ना दिवा, ना लाल कागद. ट्रॅक्टरवाला पुढं बिडी ओढत बसला होता. आवाज ऐकून तो मागं आला आणि अगदी काळजीनं म्हणाला, "दिसलो न्हाई का, डॉक्टर?"

वासरू सुखरूप निघालं. पण ओढताना दोर माझ्या हातातून दोनदा निसटला. गायीच्या मालकाला वाटलं, थंडी वाजायलीय. त्यानं घोंगडी आणून माझ्या खांद्यावर टाकली.

पुढच्या आठवड्यात परभणीला बैठकीसाठी गेलो तेव्हा दोन फॉग लाइट, एक दणदणीत हॉर्न आणि मोबाइल चार्ज करायचं सॉकेट घेऊन आलो. दुकानदार म्हणाला, फिटिंग जाणत्याकडून करून घ्या. मी मनात म्हटलं, त्यात काय एवढं. गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून आडवं वासरू सरळ करणाऱ्या माणसाला चार वायरी जोडता येणार नाहीत?

रविवारी अंगणात गाडी उभी केली, मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि बसलो. बायको दारात उभी राहून बघत होती. ती फक्त म्हणाली, "पंखा आठवतो ना?" मी दुरुस्त केलेला पंखा आमच्या घरी दीड दिवस उलटा फिरला होता. मी व्हिडिओचा आवाज वाढवला. व्हिडिओतला माणूस सांगत होता, लाल म्हणजे प्लस, तिथून करंट घ्या. सीटखाली लाल वायर सापडली. तिचं प्लास्टिक सोललं, दिव्यांची वायर तिला पिळा मारून जोडली, वर टेप गुंडाळली. संध्याकाळी बटण दाबलं आणि समोरची भिंत पांढरी फटक झाली. शेजारचे मास्तर चहाचा कप हातात घेऊनच बघायला आले. हॉर्न वाजवला तर गल्लीतली कुत्री उठली. इतका आनंद मला नोकरीत कायम झाल्याच्या कागदाचासुद्धा झाला नव्हता.

तो तीन दिवस टिकला.

बुधवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, वालूरहून एका वस्तीकडं निघालो होतो. धुकं नव्हतं, पण हौसेनं दिवे लावलेलेच होते. वास आला. वासराच्या शिंगांचे कोंब डागताना येतो तसा, जळक्या नखासारखा. मला वाटलं, अंगावरच्या कपड्यांना कालच्या डागणीचा लागला असेल. मग हॉर्नचा आवाज बसका झाला, दिवे पिवळे पडले, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद. खाली बघतो तर सीटखालून धूर. सीट उचकटली तेव्हा आत वायरींचा जुडगा सापासारखा वळवळत होता. प्लास्टिक वितळून थेंब पडत होते. बॅगेतला मोठा चिमटा काढला आणि बॅटरीची वायर ओढून तोडली. वर मूठ-मूठ माती टाकली. धूर हळूहळू कमी झाला. मी रस्त्याकडेला बसलो.

कापसानं भरलेला एक टेम्पो थांबला. चालक ओळखीचा निघाला. तो उतरला, गाडीजवळ वाकून त्यानं दोनदा वास घेतला आणि हात जोडले.

"डॉक्टर, माझी म्हैस तुमीच वाचवली, समदं खरं हाय. पण पोटात इस्तू घेऊन बसलेली गाडी मी कापसावर चढवीत न्हाई."

त्याचं बरोबरच होतं. मागून दुधाच्या रिकाम्या कॅनची पिकअप आली. त्या चालकानं गाडी चढवायला हात लावला आणि विचारलं, "सेलूला न्यायची का मानवतला?"

"तुम्ही कुठं निघालात?"

"मानवतला. तिथंच चला. एक उस्ताद हायेत, जळालेल्याचं काम त्येच करतात. बाकीचे नवीन वायरिंग टाका म्हणून मोकळे होतात."

दुकान म्हणजे रस्त्याकडेचं पत्र्याचं शेड होतं. आत एक बाकडं, भिंतीला लटकवलेल्या वायरी, जुन्या बॅटऱ्या आणि एका खिळ्याला ओवलेल्या पांढऱ्या दोऱ्याच्या आठ-दहा रिळी. मला वाटलं, शिंप्याबरोबर भागीत दुकान असावं. साठीच्या पुढचा, उंच, किडकिडीत माणूस बाहेर आला. अंगात पायजमा-शर्ट, खांद्यावर दस्ती. शेडच्या सावलीत पोत्यावर त्यांची बायको तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

उस्तादांनी आधी गाडीचा वास घेतला. मग जळका जुडगा दोन बोटांत धरून हळूच दाबला.

"लाइट बसवून किती दिवस झाले?"

"तीन."

"कुणी बसवले?"

मी स्वतःच्या छातीकडं बोट केलं. ते हसले नाहीत. "तीन दिवस सोसलं बिचारीनं," एवढंच म्हणाले. "करंट कुठून घेतला व्हता?"

"सीटखालच्या लाल वायरीतून."

"लाल कोणती? बोटानं दाखवा."

मी दाखवली. त्यांनी ती नखांत धरली आणि तिच्या शेजारची एक उचलून विचारलं, "आन् ही कोणती?"

"हिरवी."

"ही?"

"हीपण हिरवी. हिरवी म्हणजे अर्थिंगची, मला माहीत आहे," मी जरा तोऱ्यात म्हणालो. मला वाटलं, माझी तोंडी परीक्षा चालली आहे.

शेंगा सोलता सोलता बाई हसायला लागल्या. "परीक्षा न्हाई घेयलेत ते, सायब. त्यांला लाल-हिरवं कळतच न्हाई. टमाटे आणायला मी त्यांला कधी धाडीत न्हाई."

मी उस्तादांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, जणू कुणी त्यांचं गाव सांगितलं असावं इतक्या सहज. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की गाडी इथून हलवायची कशी. वायरिंगचं काम, आणि करणाऱ्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही! ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

"पिकअप तर गेली," उस्ताद म्हणाले. "चा तर घ्या."

चहा येईपर्यंत त्यांनी सीट काढली, पेट्रोलची टाकी उतरवून ठेवली आणि फ्यूजची डबी उघडली. आतला काचेचा फ्यूज त्यांनी तळहातावर घेतला. त्याच्याभोवती सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळलेला होता.

"हे तुमी केलं?"

"नाही. डबी मी उघडलीच नव्हती."

"मंग तुमच्या आधीच्यानं केलं. करंट जास्ती झाला की ह्यानं मरायचं आसतं, सायब. हा मेला की बाकीचे वाचतात. ह्याला मरू दिलं न्हाई कुणी, म्हणून समदं घर जळालं." मग माझी ती लाल वायर त्यांनी सोलली आणि आतल्या तांब्याच्या तारा अंगठ्यानं पसरवल्या. "आन् ही तर गाडीची वायरच न्हाई. घराच्या बेलची हाय. मागचा दिवा बंद पडला आसंल, कुणीतरी हीच जोडून दिली. पाच-सात तारा हायेत हिच्यात. तिच्या मानेवर तुमी दोन मोठे दिवे आन् हॉर्न बसवला."

"पण ती लाल होती."

"रंग कोणता बी भेटतो बाजारात."

ते रागावून बोलत नव्हते, शिकवतही नव्हते. बोलताना त्यांचे हात सारखे चालू होते. चहा पिऊन झाल्यावर मी विचारलंच, की दिसत नसताना तुम्ही हे काम धरलं कसं.

तरुणपणी त्यांना रेल्वेत जायचं होतं. मानवत रोडच्या स्टेशनावर गाड्या बघत वाढलेला माणूस. लेखी परीक्षा पास झाले, डॉक्टरी तपासणीला सिकंदराबादला बोलावलं. तिथं त्यांच्यासमोर एक पुस्तक ठेवलं. पानभर ठिपके, आणि त्यात आकडा ओळखायचा. "मला नुसते ठिपकेच दिसले," ते म्हणाले. "मी म्हणलो, ह्यात आकडा न्हाई. पुढच्या पानात बी न्हाई. डॉक्टर चांगला माणूस व्हता, तिसऱ्या पानाला त्यानं पुस्तकच मिटलं. तवर मला म्हाईत नव्हतं, बाकीच्यांला येगळं दिसतं म्हणून."

घरी तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून ते परभणीलाच उतरले आणि एका म्हाताऱ्या उस्तादांच्या दुकानात, जीप-ट्रॅक्टरच्या वायरिंगच्या कामाला लागले. नजरेचं कुणाला सांगितलं नाही. अंदाजानं सहा महिने काढले. मग एका जीपचं काम त्यांनी एकट्यानं केलं. मालक जीप घेऊन गेला आणि अर्ध्या तासात परत आला. डावीकडं वळायचा इशारा दिला की हॉर्न वाजायचा.

"मला वाटलं, आता हाकलतेत. म्हातारबाबांनी जीपखाली वाकून बगितलं, मंग माझ्याकडं बगितलं. 'कब से?' एवढंच म्हणले. मी म्हणलो, जन्मापासून. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी दोऱ्याची रीळ घेऊन आले. 'रंग नै दिया अल्लाने, उंगल्यां तो दिया ना. गाठां मार.'"

मग त्यांनी खिळ्यावरची एक रीळ काढली आणि काम दाखवायला सुरुवात केली.

त्यांच्याकडं एक छोटा बल्ब होता, त्याला दोन वायरी, एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला शिवायची जाड सुई. चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा आणि सुई एकेका वायरीत टोचत जायचं. त्यासाठी गाडीला त्यांनी दुसरी बॅटरी जोडली. चावी बंद असताना बल्ब पेटला तर ती वायर थेट बॅटरीची. तिला एक गाठ. चावी फिरवल्यावर पेटला तर दोन गाठी. दिव्याचं बटण दाबल्यावर पेटला तर तीन, हॉर्नची असेल तर चार. अर्थिंगच्या वायरीला दोराच नाही, ती गुळगुळीत. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना आणि मध्ये, वितीवितीवर गाठी. टाकीखाली, जिथं डोळा जातच नाही, तिथंही बोट फिरवलं की कळावं कोण कुठली.

बल्ब पेटला की नाही, एवढंच मी बघत होतो. ते त्याच्या उजेडाचा वजनासारखा अंदाज घेत होते. एका वायरीवर बल्ब मला चांगला पेटलेला दिसला. ते म्हणाले, "दम न्हाई." त्यांनी डोळे मिटले आणि ती वायर एका टोकापासून दोन बोटांतून सोडत गेले. हात, सव्वा हात गेल्यावर थांबले. मागं आले. पुन्हा थांबले. "इथं." मला तिथं काहीसुद्धा दिसलं नाही, वरचं प्लास्टिक अखंड, नव्यासारखं. त्यांनी पात्यानं ते चिरलं. आतल्या तारा कुजून भुगा झाल्या होत्या, दोन-तीन तेवढ्या जीव धरून होत्या.

हे मला ओळखीचं होतं. गाय गाभण आहे की नाही हे मीही डोळ्यांनी बघत नाही. हात आत, डोळे समोरच्या भिंतीवर, आणि बोटांना कळतं. मऊपणातला एवढासा फरक, सुपारीएवढा फुगीर भाग. पंधरा वर्षं मी हे करतो आहे. लोक आश्चर्य करतात तेव्हा मी हसून सोडून देतो. दुसऱ्या कुणाच्या बोटांत तशी नजर बघायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"म्हंजी तुमाला बी आतलं दिसत न्हाई?"

"काहीच नाही. सगळं हातावर."

"मंग बसा की जवळ. लांब कामून बसलात?"

जळालेला सगळा जुडगा गाडीतून बाहेर निघाला तेव्हा दुपार कलली होती. पोत्यावर तो पसरला तर माझ्या उंचीएवढा झाला; मधे एक जाड खोड, पुढं हँडलकडं जाणाऱ्या फांद्या, मागं दिव्याकडं जाणारं शेपूट. सात वर्षं मी ह्या गाडीवर बसत होतो, आणि एवढं सगळं माझ्या मांड्यांखालून रोज धावत होतं, ह्याचा मला पत्ता नव्हता. बाईंनी भाकरी आणि तुरीच्या दाण्यांची आमटी वाढली. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "ह्यांचं काम सांजच्यापस्तोर चालतंय. उपाशी बसून वायर लवकर होत न्हाई." जेवणात माझ्या ताटातल्या आमटीत तांबडी मिरची दिसली आणि मी उस्तादांच्या ताटाकडं बघितलं. त्यांच्या वाटीतल्या मिरच्या बाईंनी आधीच वेचून काढल्या होत्या.

जेवण झाल्यावर उस्तादांनी माझ्या हातात रीळ दिली. "मी सांगतो, तुमी गाठी मारा. हात मोकळा हाय ना?"

मी पहिल्या वायरीला दोरा गुंडाळला आणि सवयीनं गाठ मारली. त्यांनी ती चाचपून बघितली. नखानं सोडवायचा प्रयत्न केला. ओढली, पिरगाळली. गाठ तसूभर सरकली नाही.

"ही कोणती गाठ?"

"टाके घालायची. बैलाचं पोट शिंगानं फाटलं की शिवताना हीच मारतो. एक वेढा जास्ती घ्यायचा, मग दुसरी गाठ बसेपर्यंत पहिली ढिली पडत नाही."

"परत दाखवा. हळू."

मी हळू मारून दाखवली. ते माझ्या बोटांकडं बघत राहिले. मग त्यांनी स्वतः मारली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बसली. त्यांनी ती बायकोपुढं धरली. "चाळीस वर्षं झाली, माझ्या गाठी गिरीसनं सरकतात. अन् हे बग." बाईंनी शेंगांची सुपली बाजूला ठेवून ती गाठ हातात घेतली, ओढून बघितली, आणि माझ्याकडं पहिल्यांदा जरा आदरानं बघितलं. सकाळी वायरिंग जाळून आलेला माणूस मी. त्या एका नजरेनं मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

नवीन वायरिंग बसलं. वायरी जाड, फ्यूज नवा, माझ्या दिव्यांसाठी वेगळा दुसरा फ्यूज. मग त्यांनी काड्यापेटीहून लहान एक काळी डबी काढली. तिला ते रिले म्हणाले.

"तुमी बटणातूनच समदा करंट न्हेला व्हता. बटण नाजूक, वायर नाजूक. आता बटणातून थोडाच जाईल, नुसता ह्या डबीला सांगायपुरता. डबी बॅटरीतून मोठा करंट घेईल आन् दिव्याला देईल. बोट ठेवा हिच्यावर."

मी ठेवलं. त्यांनी बटण दाबलं. डबीच्या आत काहीतरी टक् करून उडालं आणि दोन्ही दिवे भक्कन पेटले. बटण सोडलं, पुन्हा टक्, दिवे बंद. मी म्हणालो, परत दाबा. त्यांनी परत दाबलं. नव्या जन्मलेल्या वासराच्या छातीवर हात ठेवल्यावर पहिले दोन-चार ठोके असेच लागतात. मी आणखी चार-पाच वेळा बटण दाबून घेतलं. त्यांनी दाबू दिलं.

दिवस मावळायला आला होता. उस्ताद म्हणाले, दिव्याचं तोंड किती खाली ठेवायचं ते रस्त्यावर गेल्याशिवाय कळत नाही; समोरच्याच्या डोळ्यात उजेड गेला तर आपला उजेड त्याचा काळ होतो. पाना खिशात टाकून ते माझ्या मागं बसले. गावाबाहेर पाथरीच्या बाजूला न जाता एका शेतरस्त्याला त्यांनी गाडी घ्यायला लावली. दोन्ही बाजूंना वेचणी संपलेला कापूस. पानं गळालेली, नुसत्या काड्या आणि रिकामी बोंडं. सूर्य गेला होता, पण अंधार झाला नव्हता. मातीचा, काड्यांचा, पाचोळ्याचा सगळा एकच तपकिरी रंग झाला होता.

दोनदा थांबून त्यांनी दिवे खाली-वर केले. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांबा. इंजन बंद करा. लाइट बी."

मला वाटलं, पुन्हा वास आला की काय. मी सगळं बंद केलं.

"ससा हाय," ते कानाजवळ म्हणाले.

"कुठं?"

"त्या उजवीकडच्या तासात. चौथं झाड. मोठ्या ढेकळाच्या अलीकडं."

मी बघितलं. तास म्हणजे कापसाच्या ओळी मोजल्या, झाडं मोजली. माती, काड्या, ढेकळं. जनावरांमध्ये आयुष्य काढलेला मी. माळावर चरणाऱ्या कळपातली लंगडी शेळी मला लांबून ओळखू येते. मला काहीच दिसलं नाही.

"नाही दिसत."

"तुमी रंग हुडकायलात. तो मातीच्याच रंगाचा आसंल, मला काय ठावं. त्येची पाठ बगा. ढेकूळ आसं गोल आसतं का कुठं?"

मी पुन्हा बघितलं. किती वेळ गेला कोण जाणे. मागं लांबवर मानवतच्या बाजूनं गाड्यांचे आवाज येत होते. मग त्या ढेकळाच्या अलीकडच्या मातीतून एक कान हलला. हलला आणि मागं पाठीला चिकटला. आणि एकदम, कुणीतरी पाटीवर खडूनं काढावा तसा, अख्खा ससा मला दिसला. पाठ, पुढं दुमडलेले पाय, आणि आमच्याकडंच लागलेला काळा डोळा. दहा पावलांवर. एवढा वेळ तो तिथंच होता.

"दिसला?"

मी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांना कळत नाही म्हणून सकाळी गाडी उचलून न्यायचा विचार करणारा मी, त्याच डोळ्यांच्या आधारानं पहिल्यांदा काहीतरी बघत होतो.

"ल्हानपणापासून दिसतेत," उस्ताद हळू म्हणाले. "तितरं, ससे, सरडे. माझे वडील म्हणायचे, ह्याच्या डोळ्यात काय हाय कुणास ठावूक. त्यांला बी म्हाईत नव्हतं."

ससा उठला. पळाला नाही, दोन ओळी ओलांडून सावकाश गेला, आणि काड्यांमध्ये शिरल्यावर माझ्यासाठी पुन्हा माती झाला. उस्तादांची मान मात्र हळूहळू वळत राहिली. तो अजून त्यांना दिसत होता. बांधापर्यंत, बांधावरून पलीकडं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली.

"गेला. लावा लाइट."